बेशरम उपटल्यावर काय?

परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनात करिअर करू पाहणाऱ्यांना अनेकदा वाटते, की आधी शास्त्र शिकावे आणि लोकांशी बोलणे नंतर जमवावे. भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव पाहिले, की हा क्रम चुकीचा ठरतो. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारजमा झाले. पुढे त्यांत गाळ साचला आणि उथळ पाण्यात बेशरमाचे रान माजले. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या झुडपाला गुरे सहसा तोंड लावत नाहीत. कापलेला तुकडा चिखलात पडला तरी मूळ धरतो. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी उतरले, की ते मुळासकट उपटून पाळीपासून लांब वाळवावे लागते. पण उपटणे हा सोपा भाग. या तलावांवर काम करणारे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मासेमारी करणाऱ्या धिवर समाजाबरोबर केलेल्या कामात खरी कसोटी पुढे लागली: मोकळा तळ नांगरायचा, पावसानंतर त्यात स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. काठाच्या उथळ पाण्यात देवधान, खोल पाण्यात बुडून राहणाऱ्या गाद आणि चिला. कोणता मासा कशाच्या आडोशाने अंडी घालतो, हे पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात उतरणाऱ्यांना ठाऊक असते. वनस्पतिशास्त्राची पदवी नाव सांगते, जागा सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे ज्ञान सांगोवांगीचे, आणि लोकही चुकतात. चुकतातच. जादा उत्पन्नासाठी ग्रास कार्पचे बीज सोडले, तर लावलेली वनस्पती तोच मासा फस्त करतो. म्हणूनच प्रशिक्षित माणूस हवा. कामाआधी आणि नंतर मासे, पक्षी, वनस्पती मोजायच्या, ते आकडे मच्छीमार संस्थेच्या बैठकीत ठेवायचे आणि निर्णय संस्थेला घेऊ द्यायचा, हे त्याचे काम. दुसरा आक्षेप वेगाचा: पोकलेन लावा, आठवड्यात तलाव साफ. साठवण वाढते, हे खरे. पण तळ सरसकट खरवडला, की कमळाचे कंद आणि देवधानाचे बी गाळाबरोबर ट्रॉलीत जाते. काठाचा उथळ उतारही जातो, आणि पाणथळीत चालत चरणाऱ्या पक्ष्यांना तोच लागतो.

हे काम एका आर्थिक वर्षात बसत नाही. लागवड टिकली की वाहून गेली, हे पुढचा पावसाळा ठरवतो. निधी देणाऱ्यांनी अशा पदांना किमान तीन पावसाळ्यांचा पगार द्यावा आणि धिवरांबरोबरच्या बैठकांचे दिवस कामाचे दिवस म्हणून धरावेत.