स्टिअरिंगच्या आवाजांची चाळीस वर्षं

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तोवर आपल्याकडच्या मिस्त्रींचे कान तयार झाले होते ते मुख्यतः अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीवर. पुढच्या चाळीस वर्षांत स्टिअरिंग दोनदा मुळापासून बदललं. नुसत्या हाताच्या जोरावर फिरणारं स्टिअरिंग आधी तेलाच्या दाबाने आणि मग विजेच्या मोटरने हलकं झालं. त्याबरोबर त्याचे आवाजही बदलले. तरीही दोष सापडतो तो आवाज कधी आणि कुठून येतो हे शोधल्यावरच, असं माझं ठाम मत आहे. ही सवय मात्र याच काळात मागे पडत गेली.

कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीत वर्म गिअरचा स्टिअरिंग बॉक्स होता. तो झिजला की ‘प्ले’ यायचा. स्टिअरिंग दोन बोटं फिरलं तरी चाक जागचं हलत नसे आणि खड्ड्यातली खडखड थेट हाताला लागायची. बॉक्सवरचा स्क्रू आवळून प्ले कमी करता येई, पण जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नसे. म्हणून जाणता मिस्त्री स्क्रूला पाना लावण्याआधी किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं ती) आणि टायरॉडचे (चाकांना वळवणाऱ्या दांड्यांचे) सांधे बघायचा. किंगपिन कोरडी पडली की जागेवर वळवताना करकर ऐकू यायची. ग्रीसगनने नवं ग्रीस इतकं भरायचं की जुनं काळं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. तरी करकर राहिलीच, तर नवे बुश बसवून रीमरने मापात आणायचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३पर्यंत टिकल्या, त्यामागे अशा दुरुस्त्यांचा मोठा वाटा आहे.

मारुतीत वर्मऐवजी रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि दातेरी चाक) होतं, पण तसं स्टिअरिंग अँबॅसडरलाही होतं. मारुतीतला खरा बदल म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळू लागली. त्यातून एक नवा आवाज आला. पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली की कट-कट-कट. तो स्टिअरिंगचा वाटतो, पण असतो एक्सलच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा. रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, चिखल आणि वाळू आत शिरते आणि जॉइंट झिजतो. बॉल जॉइंटही आता सीलबंद झाले, ग्रीसचे निपल गेले. ग्रीस मारण्याच्या जागी रबर तपासण्याची सवय यायला हवी होती. ती फार थोड्यांना लागली. वेळेवर बदललेला बूट अख्खा जॉइंट वाचवतो. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा गाडीखाली नजर टाकली तरी पुरते.

अमेरिकेत क्रायस्लरने १९५१मध्ये विकायला काढलेलं पॉवर स्टिअरिंग आपल्या मोटारींत रुळलं ते १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, देवू सिएलो, होंडा सिटी अशा गाड्यांबरोबर. आता तेलाला दाब देणारा पंप घुरघुरू लागला. इंजिनाचा वेग वाढला की ही घुरघुरही चढते. तिचं नेहमीचं कारण म्हणजे कमी झालेलं तेल किंवा तेलात शिरलेली हवा. टाकीत फेस दिसला की समजावं. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत तेल भरत राहिलं की हवा निघून जाते. हवा जर पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या ढिल्या क्लॅम्पमधून येत असेल, तर नवा पंप बसवला तरी तोही तसाच घुरघुरतो. वळवताना चिरकणारा आवाज बहुधा सैल पट्ट्याचा. अगदी टोकाला ऐकू येणारी सूंसूं मात्र दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची असते. तो दोष नव्हे, पण तिथे स्टिअरिंग दाबून धरलं की तेल तापतं.

विजेवरचं स्टिअरिंग सुझुकीने जपानमध्ये १९८८ साली सर्व्हो गाडीत दिलं. आपल्याकडे ते २०००च्या आसपास वॅगनआरसारख्या छोट्या गाड्यांमधून आलं. पंप, पट्टा, तेल सगळं गेलं. छोट्या गाड्यांत मोटर बहुतेकदा स्टिअरिंगच्या दांड्यावरच असते आणि वर्म गिअरने त्याला जोर देते. पद्मिनीतला वर्म असा नव्या रूपात परतला आणि त्याच्यासोबत प्लेसुद्धा. गाडी उभी असताना स्टिअरिंग झटपट डावी-उजवीकडे हलवलं की गुडघ्यापाशी टकटक होते. ती या गिअरची असते, नाहीतर खालच्या शाफ्टच्या क्रॉस जॉइंटची. स्कॅनर लावला तर तो ‘दोष नाही’ म्हणतो, कारण त्याला बिघडलेला सेन्सर किंवा मोटर कळते, झिजलेला दात कळत नाही.

म्हणून जुनीच पद्धत अजून कामाला येते. एकाने स्टिअरिंग हलवावं, दुसऱ्याने टायरॉड, शाफ्ट, स्प्रिंग यांवर एकेक करून हात ठेवावा. उभ्या गाडीत वळवताना स्प्रिंग उसळल्यासारखी टणत्कारली, तर शॉकअबच्या वरचं माउंटिंग तपासावं. चाक उचलून डावी-उजवी कड धरून हलवलं आणि ढिलं लागलं तर टायरॉड किंवा रॅक एंड. वर-खाली धरल्यावर ढिलं लागलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. हे सांधे ढिले असतील तर गाडी तिथेच थांबवावी, कारण सांधा निसटला की चाकावरचा ताबा जातो.

या चाळीस वर्षांत स्टिअरिंग हलकं झालं, रोजची देखभाल कमी झाली, हा मोठा फायदा आहे. पण सांधा दुरुस्त करण्याऐवजी अख्खी असेंब्ली बदलण्याची रीत पडली आणि सस्पेन्शनमधल्या स्वस्त लिंक रॉडच्या खटखटीपायी महागडा रॅक निघू लागला. हे थांबवणं मालकाच्या हातात आहे. आवाज उभ्या गाडीत येतो की चालत्या, डावीकडे की उजवीकडे, सपाट रस्त्यावर की खड्ड्यात, हे लिहून न्यावं. पार्ट बदलण्याआधी ढिला सांधा हाताने हलवून दाखवायला सांगावं. आणि दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, मिस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मारावी; पैसे त्यानंतर द्यावेत.