माहूर ते मुरूड : हबशांच्या वाटेवरून

पुसद, आर्णी, उमरखेडकडच्या माणसाला माहूर परकं नाही. पैनगंगा ओलांडली की रेणुकामातेचा डोंगर आणि त्याच्या शेजारचा किल्ला. या किल्ल्याच्या इतिहासातलं एक नाव मात्र आपल्या कानावर क्वचितच पडतं : खुदावंदखान हबशी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बहमनी वजीर महमूद गवानाने राज्याच्या चार सुभ्यांचे आठ भाग केले, तेव्हा वऱ्हाडाचेही दोन तुकडे झाले. गाविलगडाकडचा भाग फतेहुल्ला इमादुल्मुल्काला मिळाला आणि माहूरचा खुदावंदखानाला. पहिला मूळचा विजयनगरकडचा, दुसरा आफ्रिकी वंशाचा. म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या वेशीवर पाचशे वर्षांपूर्वी एका हबशी सरदाराचा अंमल होता.

ही माणसं आली कुठून? बहुतेक आजच्या इथिओपियातून आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून. अरबी व्यापारी मुलांना पकडून किंवा विकत घेऊन तांबड्या समुद्रापलीकडे नेत आणि तिथून ती दख्खनच्या सुलतानांकडे येत. इथे त्यांना शेतावर जुंपण्याऐवजी तलवार आणि घोडा देत. धन्याच्या मृत्यूनंतर अनेक जण मोकळे होत आणि कर्तबगार असतील तर सरदार होत. मलिक अंबर हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला, बाजारात अनेकदा विकला गेलेला हा मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्याने गनिमी काव्याने मुघलांना जेरीस आणलं, जमिनीची मोजणी करून साराव्यवस्था घातली आणि खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवून तिथे नहरींनी पाणी खेळवलं. १६२६मध्ये तो गेला. खुलताबादला त्याची कबर आहे.

याच माणसांची समुद्रावरची राजधानी म्हणजे मुरूड-जंजिरा.

रायगड जिल्ह्यातल्या राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने किल्ल्याकडे निघालं की बराच वेळ समोर फक्त तटबंदी दिसते. दरवाजा कुठेच नाही. होडी अगदी जवळ जाऊन वळते तेव्हा दोन बुरुजांच्या बेचक्यात तो एकदम उघडा पडतो. भरतीच्या लाटेवर होडी वरखाली होत असते, खलाशी हात देतो आणि आपण पायरीवर उडी मारतो. दारातच भिंतीवर पंजांत हत्ती धरलेला शरभ कोरलेला आहे. आत कलालबांगडीसारख्या अवाढव्य तोफा, हबशी सरदार सुरूलखानाच्या पडक्या वाड्याच्या कमानी आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे दोन तलाव. पश्चिमेला खुल्या समुद्राकडे उघडणारा दर्या दरवाजा आहे.

या बेटावर आधी कोळ्यांचा मेढेकोट होता. निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याच्या वेषात येऊन तो घेतला, असं परंपरा सांगते. दगडी किल्ला सोळाव्या शतकातला. पुढे हबशी, म्हणजेच सिद्दी, इथले स्वतंत्र सत्ताधीश झाले. त्यांच्यात बापामागून मुलगा गादीवर बसेलच असं नव्हतं. आरमारावरच्या पहिल्या सरदाराचा हक्क मोठा मानला जाई. समुद्रावर जगणाऱ्या सत्तेला नुसत्या वारशाच्या भरवशावर राहणं परवडणारं नव्हतं. छत्रपती शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर पुन्हा पुन्हा मोहिमा काढल्या, समोर पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात भराव घालायला घेतला. तरी किल्ला पडला नाही. चहूबाजूंचं खोल पाणी, लांब पल्ल्याच्या तोफा आणि आतलं गोडं पाणी ही त्याची कारणं होतीच; शिवाय १६७१च्या सुमारास सिद्दी मुघलांचे आरमारप्रमुख झाले आणि सुरतेचा पैसा त्यांच्या पाठीशी उभा राहिला.

या सत्तेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सिद्दींच्या स्वाऱ्यांनी कोकणातली गावं होरपळली, माणसं धरून नेली गेली. शिवरायांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या वडिलांना सिद्दीने मारलं. श्रीवर्धनच्या भट घराण्याला त्याच्याच जाचाने वतन सोडून घाटावर यावं लागलं. त्या घराण्यातले बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवे झाले. गुलामीतून वर आलेली सत्ता इतरांना गुलामीत लोटत होती, ही या इतिहासातली बोचणारी गोष्ट आहे. ती लपवून सिद्दींचा गौरव करता येत नाही आणि तेवढीच सांगून त्यांना नुसतं शत्रू म्हणून बाजूलाही सारता येत नाही.

गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांचा माग समुद्रापार ब्राझीलमध्येही निघतो. तिथे साल्वादोर नावाचं शहर आहे. १५४९मध्ये पोर्तुगीजांनी वसवलेलं, १७६३पर्यंत ब्राझीलची राजधानी असलेलं. ब्राझीलमध्ये ४० लाखांहून अधिक आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली. त्यांतली फार मोठी संख्या या बंदरात आली आणि उसाच्या मळ्यांत राबली. १८८८पर्यंत तिथे गुलामगिरी कायदेशीर होती. आज तेच शहर आपलं आफ्रिकीपण मिरवतं. चवळीच्या पिठाचे पामतेलात तळलेले वडे रस्त्यावर विकणाऱ्या बायका, कांदोंब्ले पंथाची देवघरं, कापोएराचं नृत्यासारखं युद्ध हीच त्या शहराची ओळख आहे. १९४९मध्ये तिथल्या गोदी कामगारांनी कार्निव्हलसाठी ‘गांधींचे पुत्र’ नावाचं पथक काढलं. पांढरा वेश, डोक्याला पांढरा फेटा आणि निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा घालून ते आजही रस्त्यावर उतरतं. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, राहिलेला माणूस तिथल्या आफ्रिकी वंशाच्या हमालांना आपला वाटला.

नातं आणखी जवळून पाहता येतं. कापोएराच्या रिंगणात बेरिंबाऊ वाजतो : वाकवलेली काठी, तिला ताणलेली एक तार, खाली भोपळा, आणि तारेवर पडणारी बारीक छडी. गुजरातेत रतनपूरच्या बावा गोर दर्ग्यावर सिद्दी ‘धमाल’ हे आपलं नृत्य करतात, तेव्हा त्यांच्या हातातलं मलुंगा हे वाद्य जवळजवळ तसंच असतं. आफ्रिकेतून निघालेलं एकच धनुष्य पूर्वेला आणि पश्चिमेला, दोन महासागरांच्या काठांवर वाजत राहिलं. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या जंगलातले सिद्दी घरी कोकणी-मराठी वळणाची बोली बोलतात, डमाम वाजवून नाचतात. त्यांच्या बायका जुन्या कापडांच्या देखण्या गोधड्या शिवतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

मुरूडला जाणारा बहुतेक प्रवासी ‘अजिंक्य किल्ला’ एवढंच ऐकून परततो. त्याने राजपुरीजवळ खोकरीला जावं. तिथे सिद्दी सरदारांच्या तीन दगडी घुमट्या आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या सुरुवातीस कोकण किनारा हलवणारे खैरियतखान, कासीम याकूतखान आणि सुरूलखान तिथे निजले आहेत. मुरूडमध्ये टेकाडावर जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचा राजवाडा बाहेरून दिसतो. नवाबाच्या शिकारीचं फणसाडचं रान आज अभयारण्य आहे आणि तिथे शेकरू झाडांवरून उड्या मारतं. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि कोळीवाड्यातली ताजी मासळी तर आहेच. नवाबाचं जंजिरा संस्थान १९४८मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं.

महाराष्ट्राच्या इतिहासात आफ्रिका पाहुणी म्हणून आलेली नाही. ती माहूर, खडकी आणि जंजिरा इथे राज्य करून गेली. राजपुरीच्या धक्क्यावर आणि खोकरीच्या दारात हे सांगणारे मराठी फलक लागावेत, मुरूडला दरवर्षी गुजरात-कर्नाटकातल्या सिद्दी कलावंतांची धमाल आणि डमाम रंगावी, आणि विदर्भातून कोकणात जाणाऱ्या शाळांच्या सहलींत शिवरायांच्या आरमाराबरोबर त्याला टक्कर देणाऱ्या या माणसांचीही गोष्ट सांगितली जावी. शत्रू कोण होता, कुठून आला आणि किती तोलामोलाचा होता हे कळल्याशिवाय त्याच्याशी लढणाऱ्यांची थोरवीसुद्धा मुलांना पुरती कळणार नाही.