पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या गावाचा गौरव

सभासद बंधूंनो, ऊस वाढवा असे सांगणे हे आमचे काम. तरीही आज उसाला आळा घालणाऱ्या गावाची माहिती देत आहोत.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. दुष्काळापायी माणसे मजुरीला बाहेर जात. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदानाने पाणी अडविले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळीच्या मागे लागायचे नाही, असे ठरविले. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, मगच पिके ठरवायची. विहिरींना पाणी आले, गेलेली कुटुंबे परतली. २०२० साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

बंधारे पुष्कळ गावांत आहेत. आमच्या मते हा गौरव ठरलेला नियम सर्वांनी पाळल्याचा आहे.

आपल्या उशाशी कासारसाई धरण आहे. ऊस सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण रात्री पाणी लावून घरी झोपायला जाणे आता परवडायचे नाही. लागणीआधी विहिरीचे पाणी बघा, ठिबक करा, पाचट जाळू नका. एकरी जास्त टन काढणाऱ्याचा सत्कार होतो. कमी पाण्यात ऊस पिकविणाऱ्या अख्ख्या शिवाराचाही व्हावा, असे आम्हांस वाटते.