चाकं गडद करण्याआधी

पांढरी गाडी आणि तिला कंपनीकडून आलेली चंदेरी अलॉय चाकं. तीन-चार पावसाळे गेले की फुटपाथला घासून कडा खरवडतात, चकाकी जाते आणि मनात येतं, ही चाकं गडद करून टाकावीत. गनमेटल, अँथ्रासाइट, नाहीतर सरळ काळी. कल्पना चांगलीच आहे. मी स्वतः हे काम दोनदा करून घेतलं. पहिल्या खेपेला एका पावसाळ्यातच पोपडे निघाले, दुसऱ्या खेपेचा रंग अजून शाबूत आहे. दोन्ही वेळा छटा तीच होती. फरक पडला तो रंगाखालच्या कामामुळे.

आधी नावाबद्दल. गॅरेजमध्ये सर्रास ‘मॅग व्हील’ म्हणतात, त्यामुळे ही चाकं मॅग्नेशियमची असतात असं अनेकांना वाटतं. शर्यतीच्या गाड्यांना एके काळी मॅग्नेशियमची चाकं असत, त्यावरून हे नाव पडलं आणि टिकलं. आपल्या रोजच्या गाडीचं अलॉय चाक अ‍ॅल्युमिनियमचं असतं. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. हे लक्षात ठेवायला हवं, कारण अ‍ॅल्युमिनियमला रंग लावणं म्हणजे लोखंडी गेटाला रंग लावणं नव्हे.

‘पॉलिश पेपर मारू, दोन हात देऊ, संध्याकाळी गाडी घेऊन जा.’ हे वाक्य ऐकलं की गाडी वळवून घरी आणावी. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि साधा रंग त्याला नीट धरत नाही. त्यात चाकावर ब्रेकची धूळ, टायर पॉलिशचं सिलिकॉन आणि ग्रीस मुरलेलं असतं. टिकाऊ कामाचा क्रम ठरलेला आहे: टायर उतरवायचा, जुना रंग पूर्ण काढायचा, बारीक ब्लास्टिंग करून पृष्ठभाग खरबरीत करायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, अ‍ॅल्युमिनियमसाठीचा प्रायमर द्यायचा, मग रंग आणि शेवटी क्लिअर कोट. टायर न उतरवता कागद खोचून मारलेला रंग रबराच्या कडेपाशी संपतो. पाणी बरोबर तिथूनच आत शिरतं आणि थर उचलला जातो. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तर हे आणखी लवकर होतं.

डायमंड कट चाकांच्या बाबतीत लोक उलटी चिंता करतात. लेथवर कातलेला तो चमकदार भाग रंगवला तर चाकाचं आयुष्य कमी होईल, असं त्यांना वाटतं. खरं तर कातलेल्या उघड्या धातूवर केवळ पारदर्शक लॅकर असतं, आणि धारदार कडांवर तेही पातळ. एक टवका उडाला की लॅकरखाली पांढऱ्या अळीसारख्या रेषा पसरत जातात. पुन्हा कातून चमक आणता येते, पण प्रत्येक वेळी थोडा धातू जातो, म्हणून ते मोजक्याच वेळा करता येतं. अशा चाकाला प्रायमरसह पूर्ण गडद रंग देणं हा जास्त टिकाऊ पर्याय आहे.

आता उन्हाची आणि ब्रेकची भीती. काळी चाकं उष्णता धरून ठेवतात आणि घाटात ब्रेक निकामी होतात, असं मला दोन अनुभवी चालकांनी सांगितलं होतं. उन्हात उभ्या गाडीचं काळं चाक हाताला जास्त तापलेलं लागतं, एवढं खरं. पण घाट उतरताना ब्रेकची डिस्क काही शे अंशांवर जाते, त्यापुढे उन्हाचा वाटा किरकोळ. डिस्क थंड होते ती मुख्यतः वाहत्या हवेने. शिवाय काळा पृष्ठभाग उष्णता चांगली बाहेर टाकतोही, उघडा चकचकीत अ‍ॅल्युमिनियम त्यात फार कमी पडतो. आंबेनळीसारखा घाट उतरताना ब्रेक वाचतात ते खालचा गिअर टाकल्याने. चाक चंदेरी की काळं, याने तिथे काही बिघडत नाही.

उष्णतेचा खरा धोका रंगाच्या दुकानात असतो आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. पावडर कोटिंग म्हणजे कोरडी पावडर विजेच्या भाराने चिकटवून साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवणं. थर मजबूत होतो, म्हणून ‘पावडर कोटिंग म्हणजे सर्वोत्तमच’ असा समज आहे. पण बहुतेक अलॉय चाकांना कारखान्यातच उष्णतेची प्रक्रिया करून ताकद दिलेली असते आणि तिचा शेवटचा टप्पा याच तापमानाच्या आसपास किंवा खाली असतो. योग्य तापमानाला, ठरलेल्या मिनिटांत, एकदा भाजलं तर चाकाला सहसा अपाय होत नाही. भट्टी जास्त तापली, चाक तासन्‌तास आत राहिलं किंवा काम पुन्हा पुन्हा झालं, तर धातू मऊ पडू शकतो.

त्याहून वाईट म्हणजे जुना रंग काढण्याची पद्धत. पावडर कोटिंगच्या ज्या दुकानांत मुख्यतः लोखंडी माल येतो, तिथे रंग जाळून काढायची भट्टी किंवा कॉस्टिक सोड्याचं टाकं असू शकतं. लोखंडाला ते चालतं. अलॉय चाकासाठी ती भट्टी फारच गरम असते आणि कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. म्हणून पहिला प्रश्न छटेचा नको. ‘जुना रंग कसा काढता?’ हा हवा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर चांगल्या टू-पॅक स्प्रे रंगाने काम करून घ्यावं, त्याला एवढी उष्णता लागत नाही. मात्र हा रंग घरच्या पार्किंगमध्ये मारू नये. त्यातले आयसोसायनेट श्वासावाटे गेले तर दम्यासारखा कायमचा विकार जडू शकतो.

आणि आता ती चूक, जी मला सगळ्यांत गंभीर वाटते. ‘रंग जितका जाड आणि जितका सगळीकडे, तितका चांगला’ असं गिऱ्हाईकालाही वाटतं आणि कारागिरालाही. चाकाची मागची बाजू हबवर जिथे टेकते तो सपाट भाग आणि नट बसतात त्या खोबणी, इथे जाड रंग नकोच. नटाच्या ताणाखाली हा थर हळूहळू दबतो, सरकतो. थर दबला की नटाचा ताण उतरतो आणि टॉर्क पान्याने घट्ट केलेला नटही सैल होतो. पहिल्या खेपेला माझ्या चाकांचे पोपडे निघाले ते नेमके नटांभोवती. मी त्याकडे दिसण्याचा दोष म्हणून पाहत होतो. दुसऱ्या कारागिराने चाक उलटं करून हबकडची बाजू दाखवली तेव्हा पोटात गोळा आला. या जागा रंगाआधी झाकून घ्यायला सांगा आणि चाक बसवण्याआधी स्वतः वाकून पाहा.

तडा गेलेलं चाकही रंगाने नवं दिसतं, बरं होत नाही. खड्ड्यात आदळलेलं चाक आधी बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून आणि जुना रंग काढल्यावर उजेडात तपासून मगच रंगाला द्यावं. टायरमध्ये हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर ते भट्टीआधी काढायला हवेत. टायर परत चढवल्यावर बॅलन्सिंग नव्याने करावंच लागतं.

काळ्या चाकावर मळ दिसत नाही, हाही एक लोकप्रिय समज. ब्रेकची धूळ करडी-तपकिरी असते, ती चकचकीत काळ्यावर सगळ्यांत उठून दिसते. मळ लपवायचा असेल तर गनमेटल घ्या. आरटीओची भीती मात्र सोडा. आरसीवर नोंद असते ती गाडीच्या रंगाची, चाकाच्या रंगाची नाही.

गाडी घरी आणल्यावर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर पुन्हा तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, कृपया टाळू नका.