नाल ठोकण्याआधी रस्ता पाहा

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव आहे. मिनी ट्रेन आहे, आता ई-रिक्षाही आल्या, तरी माणसे आणि सामान वाहण्याची बरीचशी भिस्त अजून घोड्यांवरच आहे. अशा घोड्याला नाल मारावी की त्याला अनवाणी ठेवावे, हे ठरवताना सगळे घोड्याचे पाय पाहतात. मी आधी रस्ता पाहीन.

खूर नखासारखाच वाढतो, महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर. चरणाऱ्या, मोकळ्या हिंडणाऱ्या घोड्याचा खूर जवळपास तेवढाच झिजतो आणि हिशेब आपोआप जमतो. पाठीवर ओझे आणि पायाखाली खडी आली की झीज वाढीच्या पुढे जाते, तळवा ठेचकाळतो, घोडा पाऊल जपून टाकू लागतो. नाल लागते ती इथे.

पण नाल मारली की खुराची झीज थांबते, वाढ मात्र थांबत नाही. पुढचा भाग लांबतो, खुराचा कोन बदलतो आणि मागच्या स्नायुबंधांवर ताण येतो. म्हणून सुमारे सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून ती पुन्हा बसवावी लागते, मग लोखंड झिजलेले असो वा नसो. नाल झिजेपर्यंत तशीच चालवणे ही काटकसर घोड्याच्या सांध्यांना महागात पडते. खिळाही खुराच्या बाहेरच्या, संवेदना नसलेल्या कडेतूनच जायला हवा. तो जरा आत शिरला की घोडा लंगडतो, पू होतो. चांगला नालबंद जवळपास नसेल तर नाल हा धोकाच आहे.

अनवाणी ठेवण्याच्या बाजूने बोलणारे झेनोफोनचा दाखला देतात. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या या ग्रीक सेनानीने घोड्यांवर लिहिताना खिळ्यांच्या नालेचा उल्लेखच केलेला नाही. घोड्याला गोट्यांच्या फरशीवर उभे करून खूर टणक करा, असे तो सांगतो. मात्र ओल्या, गुळगुळीत जमिनीवर चांगला खूरही बिघडतो, हे त्याचेच म्हणणे सोयीने विसरले जाते. सह्याद्रीच्या पावसात तेच मोलाचे आहे.

म्हणून माझे मत असे. भर हंगामात, चढउताराच्या दगडी वाटेवर नाल असावी. शरीराचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे काही घोड्यांना पुढे दोनच पुरतात. पावसाळ्यात काम रोडावले की नाल काढावी, पण तबेला कोरडा असेल तरच. तळवा अंगठ्याने दाबल्यावर दबत असेल, तर तो घोडा अनवाणी कामाला अजून तयार नाही. त्याला काही महिने हलके काम द्यावे आणि धान्य बेताने घालावे. अति धान्याने खुराच्या आत दाह होतो, मग नाल असो वा नसो, घोडा उभाही राहू शकत नाही.

आता रस्त्याकडे, म्हणजे पेव्हर ब्लॉककडे. लाल मातीत टाप रुतते, ब्लॉकवर लोखंड घसरते. माथेरानच्या अश्वपालांनी हे वारंवार सांगितले आहे. टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे खिळे पकड देतात, पण पाय फार घट्ट रोवला गेला तर वळताना सांधा पिरगळतो. रस्त्याने निर्माण केलेला प्रश्न नालबंदाने सोडवावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. जिथे ब्लॉक बसवायचे तिथे घोड्यांसाठी कडेने मातीचा पट्टा सोडावा आणि तो आराखड्यातच असावा.