ओव्हरटाइम बुडाला? तोही मागा

खामगाव-मलकापूरच्या एमआयडीसीतला कामगार महामार्ग ५३ वर जखमी झाला, तर नुसता मूळ पगार धरून दावा करू नये. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट; बुडीत रक्कम किरकोळ नसते. उपचारकाळातली बुडालेली कमाई भरपाईत धरायचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘राज कुमार विरुद्ध अजय कुमार’ (२०१०) निकालात स्पष्ट केले आहे. मात्र ओव्हरटाइम नियमित होता, हे कागदावर दिसायला हवे: वर्षभराच्या पगारचिठ्ठ्या, हजेरीपट, बँकेचा उतारा. दिवाळीतल्या चार जादा पाळ्यांवर दावा टिकणे अवघड. अपघात समृद्धीवर, पार नाशिककडे झाला तरी राहत्या जिल्ह्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज चालतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. प्लॅस्टर निघायची वाट पाहू नका.