ईश्वरी निवड आणि माणसाची मुखत्यारी
(लेखांक तिसरा)

गेल्या आठवड्यात ऑगस्टीन आणि पेलाजियस यांचा ईश्वरी कृपा आणि माणसाची इच्छा यांविषयीचा जो वाद आपण पाहिला, तो रोम आणि कार्थेज येथे कितीही रंगला असला, तरी त्याची खरी परीक्षा धर्मांतरिताच्या आयुष्यातच होते. आणि तीसाठी आपणांस नाशिकपासून फार दूर जावे लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरची वसाहत उभारली. ही संस्था अँग्लिकन. आणि अँग्लिकन मंडळीच्या ३९ कलमांपैकी १७ वे कलम सांगते की, जगाच्या उत्पत्तीपूर्वीच ईश्वराने काही जीवांना तारणासाठी निवडून ठेवले आहे. उरलेल्यांचे काय, याविषयी ते कलम मौन पाळते. माझ्या मते त्या मौनात भित्रेपणापेक्षा शहाणपणा अधिक आहे. मराठी वाचकाला येथे चटकन प्रारब्ध आठवते. परंतु प्रारब्ध हे जिवाच्या स्वतःच्याच कर्माचे फळ, तर ही निवड कर्माचा हिशेब मुळीच न पाहता होणारी. याकोब आणि एसाव जन्मण्यापूर्वीच, त्यांच्या हातून बरेवाईट काहीही घडण्याअगोदर, त्यांपैकी एकाची निवड झाली, असे पौल रोमकरांस लिहितो.

नाशिकशी शिक्षणाने आणि सासुरवाडीने बांधलेले नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ईश्वरी फर्मानाचा याहून ठळक दाखला कोणता? पण नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची लेक, त्यांची पत्नी लक्ष्मीबाई, यांची कथा अगदी निराळी. पतीच्या धर्मांतरानंतर त्या कित्येक वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या, परत आल्यावरही सोवळे सोडीनात; आणि अखेर जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा आपल्याच मनाशी निकाल लावून १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही निवड आधीच ठरलेली मानणारे कॅल्विनचे अनुयायी म्हणतील, लक्ष्मीबाईंचा हा विलंब आणि हा विचारसुद्धा ईश्वरी योजनेतच होता. वेस्टमिन्स्टर येथे १६४६ साली सिद्ध झालेल्या श्रद्धानिवेदनात स्पष्टच म्हटले आहे की, ईश्वराच्या संकल्पाने दुय्यम कारणांचे स्वातंत्र्य हिरावले जात नाही, उलट ते प्रस्थापित होते. उत्तर तर्काला धरून आहे, पण कोणतीही घटना घडल्यावर तीवर उमटवता येणाऱ्या दप्तरी शिक्क्यासारखे ते मला वाटते. हॉलंडचा आर्मिनियस म्हणाला होता की, कृपा प्रथम येते खरी, पण माणूस तिला नकार देऊ शकतो. लक्ष्मीबाईंनी तो नकार वर्षानुवर्षे दिला. आर्मिनियसच्या बाजूने याहून सबळ साक्ष मला ठाऊक नाही. मात्र डॉर्टच्या धर्मसभेने १६१९ साली नेमके हेच मत त्याज्य ठरविले. त्या निकालाची कैफियत पुढील लेखांकी.